लयबदल, ध्वनि-चित्रमुद्रणातील

मुद्रित केलेले संगीत किंवा चित्रित केलेले दृश्य ज्या वेगाने टिपले गेले त्याहून निराळ्या वेगाने ते ऐकविणे वा दाखविणे, या क्रियेस लयबदल म्हणतात. पूर्वी ही क्रिया तबकडी, फीत किंवा चित्रपट्टी यांची गती प्रत्यक्ष कमीजास्त करून साधत असे. आता ती मुख्यतः संगणकावरील संपादन-आज्ञावलींच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने केली जाते. दोन्ही रीतींत वेग बदलतो, परंतु परिणाम एकच नसतो. यांत्रिक रीतीत वेगाबरोबर आवाजाची तारता (स्वराचा उच्चनीचपणा) अपरिहार्यपणे बदलते. संगणकीय रीतीत लय व तारता एकमेकींपासून सोडविता येतात. या सोयीमुळे मूळ वेग कोणता होता या प्रश्नाचे महत्त्व कमी झालेले नाही. उलट जुन्या मराठी ध्वनिमुद्रिका व मूकपट यांच्या बाबतीत तो प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक तीव्र झाला आहे.

स्वराची तारता त्याच्या कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) अवलंबून असते. मुद्रण दुप्पट वेगाने वाजविल्यास प्रत्येक कंपन निम्म्या वेळात पुरे होते, कंप्रता दुप्पट होते व स्वर एक सप्तक वर जातो. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढविल्यास स्वर एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरील एका पट्टीने, चढतो. चुंबकीय फितीवर सेकंदास १९ सेंमी. वेगाने मुद्रित केलेले गायन ९.५ सेंमी. वेगाने वाजविले म्हणजे तान सावकाश ऐकू येते, परंतु ती खालच्या सप्तकात जाते. स्वरलेखन करणाऱ्या अभ्यासकांनी ही युक्ती दीर्घकाळ वापरली. अशा वेळी केवळ स्वर उतरत नाही, तर आवाजाची जातही पालटते. मुख व कंठ यांच्या पोकळ्यांतील अनुस्पंदनामुळे विशिष्ट कंप्रता उठावदार होतात व त्यांवरून ‘आ’ आणि ‘ई’ यांतील, तसेच एका व्यक्तीच्या व दुसरीच्या आवाजातील भेद कळतो. वेग बदलताच या कंप्रताही त्याच प्रमाणात सरकतात. त्यामुळे संथ वाजविलेला स्त्रीस्वर पुरुषी, तर जलद वाजविलेला पुरुषस्वर बालिश वाटू लागतो.

तबकड्यांचा वेग : भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग यांनी त्या वेळी गोहरजान यांचे गायन मुद्रित केले. या काळातील तबकड्या आज सरसकट ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणून ओळखल्या जातात, हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. विद्युत् मुद्रण रूढ होईपर्यंत, म्हणजे सुमारे १९२५ पर्यंत, मुद्रणाचा वेग मिनिटास सर्वसाधारणपणे ७० ते ८२ फेरे यांच्या दरम्यान कोठेही असे. पुढे विद्युत् चलित्रांमुळे तो स्थिरावला, तरी ५० हर्ट्‌झच्या प्रदेशांत तो नेमका ७७.९२ आणि ६० हर्ट्‌झच्या प्रदेशांत ७८.२६ फेरे असा होता. घरोघरच्या चावीच्या ग्रामोफोनवर वेग बदलण्याची खुंटी असे. चावी संपत आली की गाणे खाली उतरे, आणि पुन्हा चावी दिली की वर चढे.

७२ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविल्यास वेग ८.३ टक्क्यांनी वाढतो. तीन मिनिटांचे गाणे २ मिनिटे ४६ सेकंदांत संपते व स्वर सुमारे १.४ अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कोठेतरी गात असल्याचा भास होतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी १९१३ मध्ये पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील व नंतर १९३० नंतरच्या काही वर्षांतील, अशा दोन काळांतील आहेत. तरुणपणीचा त्यांचा आवाज व उतारवयातील आवाज यांची तुलना करू पाहणाऱ्याने दोन्ही तबकड्या कोणत्या वेगाने फिरविल्या हे प्रथम निश्चित केले पाहिजे. ते न करता ‘आवाज पूर्वी किती उंच होता’ असे केलेले विधान गायकाविषयी नसून यंत्राविषयी असते. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या प्रारंभीच्या मुद्रिकांनाही हेच लागू पडते. त्यांच्या आवाजातील स्त्रीसुलभ मार्दवाची चर्चा मराठीत विपुल झाली आहे; ती करताना तबकडीच्या वेगाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

मूळ वेग ठरविण्यास काही पुरावे उपयोगी पडतात. साथीला पेटी असल्यास तिचा स्वर प्रचलित पट्टीशी जुळेपर्यंत वेग बदलून पाहतात. मात्र त्या काळच्या सर्व पेट्या एकाच मूळ स्वरास लावलेल्या नसत, त्यामुळे हा पुरावा अर्ध्या अर्धस्वराइतका सैल राहतो. आरंभीच्या अनेक तबकड्यांच्या अखेरीस गायक स्वतःचे नाव उच्चारतात. बोलण्याचा आवाज नैसर्गिक वाटतो की नाही, यावरून वेगाचा अंदाज गाण्यापेक्षा अधिक विश्वसनीयपणे बांधता येतो. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर घेतलेल्या तबकड्यांचे अनुक्रमांक जुळत असतील, तर एकीचा ठरविलेला वेग दुसरीस लावता येतो. विद्युत् मुद्रणात काही वेळा पुरवठ्याची ५० हर्ट्‌झची घरघर उमटलेली असते आणि तीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. हे सर्व केल्यावरही अंतिम निर्णय जाणकार कानाचाच असतो.

लय व तारता यांची फारकत : लय बदलावी पण स्वर ढळू नये, यासाठीचे प्रयत्न संगणकाच्या पूर्वीचे आहेत. डेनिस गॅबर यांनी १९४६ मध्ये या दृष्टीने यांत्रिक प्रयोग केले. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स व त्यांचे सहकारी यांनी फिरत्या शीर्षांच्या ध्वनिमुद्रकाची योजना मांडली. तिच्यात फितीवरील आवाजाचे लहान लहान तुकडे मूळ वेगानेच वाचले जात आणि काही तुकडे गाळून अथवा पुन्हा वाजवून एकूण वेळ कमीजास्त केला जाई. आजच्या आज्ञावलींतील एका मुख्य पद्धतीचे मूळ तत्त्व हेच आहे.

अंकीय मुद्रणात आवाज सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या रूपाने साठविलेला असतो. पहिल्या, म्हणजे आच्छादन पद्धतीत, साधारणतः ५० मिलिसेकंदांचे तुकडे घेतात. मूळ आवाजातून ते दर २० मिलिसेकंदांच्या अंतराने उचलले आणि नव्या मुद्रणात दर २५ मिलिसेकंदांच्या अंतराने, एकमेकांवर अंशतः चढवून मांडले, तर गाणे सव्वापट लांबते. प्रत्येक तुकड्यातील कंपने मूळचीच असल्याने स्वर कायम राहतो. अडचण येते ती सांध्यांत. काळी एकचा पुरुषी षड्ज घेतला, तर त्याचे एक कंपन सुमारे ७.२ मिलिसेकंदांचे असते; दोन तुकड्यांतील कंपने जुळली नाहीत तर आवाज घोगरा होतो. म्हणून तुकडा थोडा पुढेमागे सरकवून अधिकांत अधिक सारखेपणा असलेली जागा शोधतात. अशी रीत रूकोस व विल्गस यांनी १९८५ मध्ये व तिची सुधारित आवृत्ती फेरहेल्स्ट व रूलांट्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. एकट्या आवाजास, विशेषतः भाषणास, ती उत्तम लागू पडते. गायक, पेटी, तंबोरा व तबला एकत्र असताना मात्र सर्वांची कंपने एकाच जागी जुळणे शक्य नसते.

दुसऱ्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन व गोल्डन यांनी १९६६ मध्ये घातला. तीत आवाजाचे फूर्ये विश्लेषण करून तो अनेक शुद्ध स्वरांत विभागतात, प्रत्येकाचा परमप्रसर व कला (कंपनातील स्थिती) मोजतात आणि लांबविलेल्या वेळात ती कला सातत्याने पुढे नेऊन आवाज पुन्हा घडवितात. १९७६ मध्ये पोर्टनॉफ यांनी त्वरित फूर्ये रूपांतराचा वापर करून ही पद्धत संगणकास सुकर केली. सेकंदास ४४,१०० नमुने असताना २,०४८ नमुन्यांचा तुकडा घेतल्यास तो ४६ मिलिसेकंदांचा होतो व त्यातून सुमारे २१.५ हर्ट्‌झ अंतराचे घटक वेगळे करता येतात. तंबोऱ्याच्या तारांचे झंकार स्पष्ट उमटण्यास तुकडा याहूनही लांब असावा लागतो. तबल्याच्या ‘ना’चा आघात टोकदार राहण्यास तो आखूड असावा लागतो. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. त्यामुळे लांबविलेल्या मैफलीत तंबोरा चांगला राहून तबला पुसट होतो, किंवा तबला खणखणीत राहून तंबोरा थरथरतो. यावर उपाय म्हणून अलीकडच्या आज्ञावली आघात व सलग स्वर अगोदर वेगळे करतात, त्यांवर निरनिराळ्या पद्धती चालवितात व नंतर त्यांचा मेळ घालतात.

२००० मध्ये प्रसृत झालेल्या ऑडॅसिटी या विनामूल्य आज्ञावलीत वेग, लय आणि तारता बदलण्याच्या आज्ञा स्वतंत्र आहेत. पहिलीने तबकडी फिरविल्यासारखा परिणाम होतो, दुसरीने स्वर कायम राहून काल बदलतो, तिसरीने काल कायम राहून स्वर बदलतो. जुन्या तबकडीचा चुकलेला वेग सुधारताना पहिलीच आज्ञा वापरावयास हवी, कारण तेथे लय व स्वर दोन्ही एकाच कारणाने बिघडलेले असतात. नृत्याच्या सरावासाठी गाणे संथ करताना दुसरी योग्य. या निवडीत होणारी गल्लत ही नवशिक्या संपादकाची सर्वांत सामान्य चूक होय. टक्केवारीचाही घोटाळा होतो. वेग ८० टक्के केल्यास काल १२० टक्के न होता १२५ टक्के होतो. २५ टक्के वाढविलेला वेग पूर्ववत करण्यासाठी तो २० टक्क्यांनीच कमी करावा लागतो.

संगीतातील लय आणि यंत्राची लय : हिंदुस्थानी संगीतात विलंबित, मध्य व द्रुत या केवळ वेगाच्या पायऱ्या नाहीत. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. तबलावादक तिच्या पोटात बोल भरतो आणि गायक त्या अवकाशात स्वर वाढवितो. द्रुत तीनतालाचा ठेका यंत्राने चौपट संथ केला, तर मिळतो तो दोन बोलांमधील रिकामा अवकाश. विलंबित ठेका मिळत नाही. तसेच दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार दीडपट लांबविल्यास त्याची श्रुती जागेवर राहते, पण आंदोलनाची गती मंदावते व आंदोलन हेच त्या गंधाराचे लक्षण असल्याने रागाचा चेहरा बदलतो. मींड, गमक व तान यांचेही असेच. अभ्यासासाठी हे संथीकरण अत्यंत उपयुक्त आहे, कारण कानाला न सापडणारे कण त्यात दिसू लागतात. आस्वादासाठी ते निरुपयोगी आहे. सामान्यतः पाऊणपट ते सव्वापट या मर्यादेत बदल ठेवल्यास गायन स्वाभाविक वाटते.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. ख्यालाचा विस्तार त्यात बसविणे अशक्य असल्याने गायकांनी बंदिशी मुळातच चढ्या लयीत गाइल्या, आलाप आवरले व तानांवर भर दिला. येथे लयबदल झाला तो मुद्रणाच्या पूर्वी, गायकाच्या गळ्यात. १९४८ पासून आलेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या दीर्घ मुद्रिकांनी ही कोंडी फोडली. परंतु त्यापूर्वी दिवंगत झालेल्या गायकांची मैफलीतील ठाय लय कोणतीही आज्ञावली परत देऊ शकत नाही.

चलच्चित्रातील लयबदल : चलच्चित्र म्हणजे क्रमाने टिपलेल्या स्थिर चौकटींची मालिका. चौकटी ज्या गतीने टिपल्या त्यापेक्षा अधिक गतीने दाखविल्यास हालचाल जलद होते, कमी गतीने दाखविल्यास मंद. महाराष्ट्रात या तत्त्वाचा पहिला प्रसिद्ध प्रयोग दादासाहेब फाळके यांचा. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ महिन्याहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि सुमारे एका मिनिटात रोप उगवून वेल चढताना दाखविली. रोज एकच चौकट घेतली असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तसे असते तर महिन्याभरात जेमतेम दोन सेकंदांचे चित्र मिळाले असते. एका मिनिटासाठी सेकंदास १६ चौकटींप्रमाणे ९६० चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसच्या आसपास. हीच युक्ती आज भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहे. पावसाळ्यात मावळातील कुसगाव-लोणावळा परिसरात घाटाच्या कड्यावर चढणारे ढग दर ५ सेकंदांस एक चौकट घेऊन टिपले व सेकंदास २५ चौकटींनी दाखविले, तर एक तासाची हालचाल २८.८ सेकंदांत दिसते.

मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवीत. एका फेऱ्यात आठ चौकटी व सेकंदास दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी हा संकेत होता. प्रत्यक्षात तो चालकाच्या हातावर व प्रसंगाच्या गरजेवर अवलंबून असे. चित्रपटगृहातील प्रक्षेपकाचा चालकही खेळ लवकर आटपण्यासाठी वेग वाढवी. बोलपटांबरोबर हे स्वातंत्र्य संपले. आवाजाची पट्टी चित्राशेजारीच असल्याने वेग सेकंदास २४ चौकटी असा कायम झाला. प्रभात कंपनीचा १९३२ चा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट याच मानाचा.

फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. ३५ मिमी. पट्टीवर फुटास १६ चौकटी असतात. म्हणजे एकूण ५९,२०० चौकटी. सेकंदास १६ प्रमाणे त्या दाखविण्यास ६१ मिनिटे ४० सेकंद लागतात, तर २४ प्रमाणे ४१ मिनिटे. संदर्भग्रंथांत हा चित्रपट ‘चाळीस मिनिटांचा’ म्हणून नोंदलेला आढळतो. ही नोंद बोलपटाच्या वेगास अनुसरून आहे. फाळके यांच्या प्रेक्षकांनी तो बहुधा तासाभराचा पाहिला असावा. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे पहिले व अखेरचे रीळ आहे (ती १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत). दूरदर्शन संचावर व आंतरजालावर ही दृश्ये अनेकदा दीडपट वेगाने दाखविली गेली. राजा, राणी, ऋषी सगळेच तुरुतुरु चालतात, आणि आरंभीच्या मराठी चित्रकर्मींना अभिनयाची समज नव्हती असा ग्रह होतो. दोष प्रक्षेपणाचा, ठपका कलावंतांवर, असा हा प्रकार आहे.

हा दोष दूर करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत चौकटींची पुनरावृत्ती करतात : १६ चा वेग २४ च्या माध्यमावर आणताना दर दोन चौकटींच्या तीन करतात, १८ चा वेग आणताना दर तीनांच्या चार. हालचाल किंचित अडखळते, पण पडद्यावरील प्रत्येक चौकट मूळची असते. दुसऱ्या रीतीत संगणक दोन चौकटींमधील प्रत्येक बिंदूचे स्थलांतर अजमावून मधली चौकट स्वतः तयार करतो. यास अंतर्वेशन म्हणतात. या गणिताचा पाया १९८१ मध्ये हॉर्न व शुंक, तसेच लूकस व कानाडे यांच्या निबंधांनी घातला. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धातील, सेकंदास सुमारे १३ ते १८ चौकटींनी घेतलेली दृश्ये या मार्गाने २४ वर आणून २०१८ मध्ये माहितीपट केला. त्यातील सैनिक माणसांसारखे चालतात, हे त्याचे मोठे यश. तथापि अशा चित्रात प्रत्यक्षात कधीही न टिपलेल्या चौकटी असतात. हात चेहऱ्यासमोरून गेला की त्यामागचा भाग यंत्राला कल्पनेने भरावा लागतो व तेथे आकृती विरघळल्यासारखी दिसते. प्रदर्शनासाठी ही रीत ग्राह्य मानली तरी संग्रहाची मूळ प्रत तिने घडविणे अयोग्य होय.

चित्र व ध्वनी यांचा मेळ : संपादनात दोहोंचा वेग एकाच गुणोत्तराने बदलावा लागतो. पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीत सेकंदास २५ चौकटी असल्याने २४ चौकटींचे चित्रपट तेथे साधारणतः ४.२ टक्के जलद दाखवीत. संत तुकाराम (१९३६) हा सुमारे १३१ मिनिटांचा चित्रपट असा दाखविल्यास पाच मिनिटे आधी संपतो आणि विष्णुपंत पागनीस यांचा स्वर ०.७ अर्धस्वर चढतो. प्रेक्षकाला हे उमगत नाही. घरी पेटी घेऊन त्या अभंगाला साथ करू पाहणाऱ्याला मात्र कोणतीच पट्टी जुळत नाही. आज्ञावलीने तारता पूर्ववत करता येते. पण त्यापूर्वी मूळ चौकटसंख्या ठाऊक असावी लागते.

अंकीय युगातही चुका टळलेल्या नाहीत. सेकंदास ४४,१०० नमुन्यांचे मुद्रण ४८,००० चे समजून वाजविल्यास स्वर सुमारे दीड अर्धस्वर चढतो, म्हणजे ७२ फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावण्याइतकीच ही चूक. ३० चौकटींचे चित्र २९.९७ चे मानल्यास एका तासात चित्र व ध्वनी यांत ३.६ सेकंदांचे अंतर पडते. भ्रमणध्वनीवरील चित्रणात चौकटींची गती प्रकाशानुसार क्षणोक्षणी बदलत असल्याने दीर्घ कार्यक्रमाच्या अखेरीस गायकाचे ओठ व शब्द यांची फारकत झालेली दिसते. यासाठी संपादनापूर्वीच अशा चित्रणाचे स्थिर गतीत रूपांतर करून घेतात.

तबकडी वा फीत अंकीय स्वरूपात उतरविताना प्रथम कोणतीही सुधारणा न केलेली प्रत जतन करणे, सुधारित प्रत वेगळी ठेवणे आणि ती करताना धरलेला वेग व त्याचा आधार नोंदविणे, अशी ध्वनिसंग्रहांची मान्य प्रथा आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियमात (१९५७) २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ३८ ख नुसार, आपल्या प्रयोगात प्रतिष्ठेस बाधक असा विपर्यास वा बदल झाल्यास कलावंतास तो रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क आहे. मर्यादित वेळेत बसविण्यासाठी केलेली काटछाट आणि निव्वळ तांत्रिक कारणाने केलेला फेरफार यांस त्यातून सूट आहे.